एक ठेका, अनेक कंठ

शाळेचें संमेलन जवळ आलें कीं एक तक्रार हटकून कानीं येते. विद्यार्थी प्रसिद्ध चालींवर नवे शब्द बसवितात, ही उसनवारी, किंबहुना चोरीच होय, असें कांहीं पालकांचें म्हणणें पडतें. या आक्षेपाचा थोडा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर 'रेगे' नांवाचें संगीत आहे. त्यांत बास गिटार व ड्रम यांवर उभारलेल्या वाद्यांच्या पायास 'रिडिम' म्हणतात. एक रिडिम सिद्ध झाला म्हणजे अनेक गायक त्यावर आपापले शब्द व सूर चढवितात. १९६७ सालीं किंग्स्टन शहरांत 'स्टुडिओ वन' येथें 'साउंड डायमेन्शन' या वादकसंचानें 'रिअल रॉक' ही शब्दांवांचून असलेली रचना मुद्रित केली. पुढें सुमारें दहा वर्षांनीं त्याच ठेक्यावर विली विल्यम्स यांनीं 'आर्मगिडियन टाइम' हें गीत गाइलें. त्यांत उपाशी व न्यायास मुकलेल्या लोकांची व्यथा आहे. त्याच सुमारास मिशिगन व स्मायली या जोडीनें तोच ठेका घेऊन 'नाइस अप द डान्स' म्हटलें. तें नृत्याच्या आनंदाचें गाणें आहे. पाया एक, पण एकानें त्यावर दुःख मांडलें, दुसऱ्यानें उत्सव. यास चोरी कशी म्हणावी?

येथील अक्कलकोट रोड एमआयडीसींत, जेथें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे पालक यंत्रमागांवर राबतात, हेंच तत्त्व नित्य दृष्टीस पडतें. उभा ताणा तोच. बाण्याचे रंग व जकार्डची नक्षी पालटली कीं चादर निराळी होते.

आपली चाल व त्यांचा रिडिम अगदीं एक नव्हेत. चालींत सूरही ठरलेले असतात. तथापि उसनवारीचा प्रश्न दोहोंकडे सारखाच आहे. १८८० सालीं रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'तील पदें प्रचलित चालींवरच रचिलेलीं आहेत. मात्र आपल्या जुन्या छापील संगीत नाटकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश असे. ऋण घ्यावें, पण उघड घ्यावें, हा त्यांतील सभ्यपणा होय.

खरा दोष येथेंच आहे. जमैकांतील वादकांस बहुधा मुद्रणापुरतेंच वेतन मिळे. 'आर्मगिडियन टाइम' १९७९ सालीं लंडनच्या 'द क्लॅश' या संचानेंही गाइलें, व तें दूरवर पोंचलें. परंतु साउंड डायमेन्शनचे जॅकी मिटू व त्यांचे सोबती यांचीं नांवें किती श्रोत्यांस ठाऊक आहेत? चादर पांघरणाऱ्यासही विणणाऱ्याचें नांव कोठें ठाऊक असतें?

म्हणून आमची सूचना अशी. विद्यार्थ्यांनीं जुन्या चाली अवश्य घ्याव्या. परंतु ज्या गीतांत स्वतःचें सांगण्याजोगें कांहींच नाहीं, तें गीत वगळावें. आणि कार्यक्रमपत्रिकेंत प्रत्येक गीताच्या माथ्यावर मूळ चाल व ती बांधणाऱ्याचें नांव शोधून छापावें. यास शाईचा एक थेंब अधिक लागेल. पण दुसऱ्याच्या श्रमास मान देण्याचा धडा मुलांस फुकट मिळेल.