रद्दीत देण्याआधी आजीजवळ बसा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात आणि किलोच्या भावाने जातात. वर्धा, आर्वी, देवळी, हिंगणघाट, जिल्ह्यात कुठेही राहत असा, एक विनंती आहे. त्या गठ्ठ्यांत बायांची जुनी मासिकं असतील तर ती यंदा देऊ नका.

शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ सुरू केलं. विणकामाचे नमुने, पाककृती आणि त्यांच्याच शेजारी शिक्षण, हुंडा, लग्न, नोकरी यांवरचे लेख, असं ते मासिक. १९८९ साली विद्या बाळांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं, तेव्हा बाई स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आयुष्याबद्दल उघडपणे लिहू लागली होती. आपल्या पवनारला तर ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनींनी छापखाना हाती घेतला आणि ‘मैत्री’ हे हिंदी मासिक चालवलं. वाचकच नव्हे, छापणाऱ्याही बायाच.

जुना अंक उघडलात की काही मजकुराचा राग येईल. नवऱ्याची मर्जी कशी राखावी, सुनेने किती बोलावं. हसून पान उलटू नका. अंक घेऊन घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा, तो मजकूर तिला वाचून दाखवा आणि विचारा: तुझ्या घरी असंच होतं का? मासिकात बायांना काय सांगितलं जात होतं ते छापलेलं आहे. त्यांनी त्यातलं काय मानलं, काय गुपचूप मोडलं, हे फक्त तिच्याजवळ आहे. ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून ठेवा. तिची वाक्यं शुद्ध करू नका.

आणखी एक, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ही मासिकं बहुतेक शिकलेल्या, शहरातल्या घरांची. जिला अक्षरओळख नव्हती, जी पहाटे भाकरी बांधून कापूस वेचायला जात होती, ती त्यांत क्वचितच दिसते. दिसलीच तर दुसऱ्या कुणी तिच्याबद्दल लिहिलेलं असतं. तुमची आजी तशी असेल, तर घरात मासिक नसलं तरी तिच्याजवळ बसाच. लग्न कितव्या वर्षी झालं, मजुरीचे पैसे कुणाच्या हातात पडत, शेताच्या सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं की चढलंच नाही, हे विचारा. सुनेला, नातीलाही सोबत बसवा. मुलगेही बसू द्या, त्यांनी हे ऐकायलाच हवं.

अंक जपायचे तर गंजलेल्या पिना अलगद काढा, फाटल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. मोबाइलवर फोटो काढताना महिना-वर्ष असलेलं पान आणि जाहिरातीही घ्या. साबण कुणाला आणि काय सांगून विकत होते, त्यातूनही पुष्कळ कळतं. जागा नसेल तर गावच्या वाचनालयाला विचारा. ते ठेवणार असतील तरच द्या, आणि देताना पहिल्या पानावर वाचणारीचं नाव लिहा.