वेल घरात घ्या, पण नाव विचारून

पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन आमच्या मुखेडच्या दवाखान्यात आल्या. मुलाची लाळ सारखी गळत होती, ओठ सुजले होते आणि ते पाणीही पिईना. सोबत आजी होत्या. त्यांनी पदराच्या गाठीतून एक पान सोडून माझ्यापुढे ठेवले. "साहेब, नागवेलीवाणी पान हाय. लेकरानं चावलं तर काय व्हतंय म्हणून म्या बघतच बसले. आता बघा की, आगीनं रडायलंय."

पान मनी प्लांटचे होते. सुदैवाने घशाला सूज नव्हती, श्वास मोकळा होता. ओल्या फडक्याने तोंड आतून पुसले, थंड दूध घोट घोट पाजले. संध्याकाळपर्यंत लेकरू खेळू लागले. आजींनी जाताना विचारले, "मग असलं झाड घरात ठेवावंच कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. माझे मत असे की ठेवायला हरकत नाही, पण आपण घरात काय आणून ठेवले आहे हे माहीत पाहिजे.

या वेलीचे गोत्र आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी नाही. ती अळूच्या, म्हणजे आपल्याकडच्या चमकुऱ्याच्या कुळातली. चमकुरा चिरताना हाताला खाज सुटते आणि वड्या करताना आपण चिंच विसरत नाही. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते जिभेत नि ओठात रुततात. मनी प्लांटच्या पानातही हेच स्फटिक आहेत. जीव जाण्याची भीती सहसा नसते, मात्र आग फार होते. मुलाने पान चावलेच तर उरलेले तुकडे काढावेत, तोंड धुवावे, पाणी किंवा दूध द्यावे; मिठाचे पाणी पाजून उलटी मुळीच काढू नये. घसा सुजला, श्वास घरघरू लागला तर घरी थांबू नये. चीक डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

आता ओळख. मनी प्लांटचे पान जाड, मेणचट, बदामी आकाराचे, त्यावर बहुधा पिवळे किंवा पांढरे पट्टे. चुरगळले तर वास येत नाही. प्रत्येक पेरावर मुळाचा तपकिरी कोंब असतो. नागवेलीचे पान चुरगळताच विड्याचा वास येतो. नाकाला ही परीक्षा पुरते. एक गंमत अशी की हीच वेल कुंडीतून लोंबत ठेवली तर पाने तळहाताएवढीच राहतात, आणि झाडावर चढवली तर हातभर होऊन कडांना फाटतात. त्यामुळे पुष्कळांना ही दोन वेगळी झाडे वाटतात. मूळची ही पॅसिफिक महासागरातील मोओरेआ बेटाची. १८८० मध्ये तिला पहिले शास्त्रीय नाव मिळाले, पुढे ते अनेकदा बदलले. फूल जवळपास येतच नाही, म्हणून ओळखीचा घोळ वाढला. पैशाशी तिचा संबंध तेवढाच, जेवढा चोरून लावल्याने ती जोमाने वाढण्याशी!

खरी काळजी मला गुळवेलीची वाटते. २०२० च्या करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. आजही अनेक अंगणांत एका डब्यात गुळवेल नि शेजारच्या डब्यात मनी प्लांट दिसतो. दोन्हींची पाने बदामी. गुळवेलीचे पान मात्र पातळ, बिनपट्ट्याचे; खोडावर कागदासारखी साल, ती नखाने सोलली की आत हिरवे; वरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात. आणि अस्सल गुळवेल ओळखली म्हणजे काम संपले असेही नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेलीला दोष देण्यास हरकत घेतली आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात घातक ठरू शकते, असे सांगितले. वाद तज्ज्ञांचा आहे. पण कुंपणावरची वेल अंदाजाने तोडून महिनोन्‌महिने काढा पिणाऱ्याने दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात. यकृताचा आजार असलेल्याने तर वैद्य-डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही घेऊ नये.

दुसरी गोष्ट बाटलीची. मनी प्लांट पाण्यात सहज जगतो, म्हणून दुकानात, बँकेत, टीव्हीच्या डोक्यावर बाटल्या दिसतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी ओतून बाटली आतून घासलीच पाहिजे, कारण अंडी काचेला चिकटून राहतात आणि कोरडी असूनही काही महिने तग धरतात. आपल्याकडे नळ रोज येत नाही, पाणी फेकायला जीव धजत नाही, हे मला ठाऊक आहे. ते पाणी तुळशीला घाला. मला विचाराल तर बाटली नकोच, मातीची कुंडी बरी.

ही वेल घरातली हवा शुद्ध करते असे विकणारे सांगतात. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासाने बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून हे पसरले. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरविचार झाला, तेव्हा उघड्या खिडकीइतका उपयोग व्हायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील असे दिसले. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत नव्वद कुंड्या. मग माणसांनी कुठे झोपायचे? चुलीचा धूर आणि डासांच्या कॉइलचा धूर खिडकी उघडल्यानेच जाईल.

लावणे सोपे आहे. पेर असलेला वीतभर तुकडा भुसभुशीत मातीत लावावा, वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. थेट ऊन नको. आपल्या मे महिन्यात तर पाने भाजतात. कुंडी उंच टांगावी आणि जमिनीकडे लोंबणारा शेंडा महिन्याला छाटावा, कारण रांगते मूल खाली आलेलेच पान ओढते.

माझी रोपे विकणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रत्येक पिशवीवर वेलीचे नाव आणि 'खाऊ नये' हे दोन शब्द लिहा. त्या आजींनी वेल उपटली नाही. पत्र्याचा डबा ओसरीच्या आढ्याला टांगला आहे, आणि नातवाने त्याकडे बोट दाखवले की त्या "चमकुरा हाय, चावंल!" असे त्याला सांगतात.