ही रजा मंजूर कुणी केली?

"मोबाइलवरच्या गेम्सनी पोरं बिघडवली, सरकारने बंदी घालावी!" पालकसभेत जा, देवळाच्या मंडपात बसा नाहीतर पणजीची बस पकडा, हे वाक्य कानावर येतंच. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर त्याच वेळी रंगीत गोळ्या फुटत असतात, तो भाग वेगळा. मला या वाक्याचा आता कंटाळा आला आहे. म्हणून आज जरा स्पष्टच लिहितो.

आधी बंदीचं बघू. पबजी मोबाइलवर आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय हे नाव लावून आला, जुलै २०२२ मध्ये गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. या खेपेस १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६ तास अशी मर्यादा घेऊन. ६ तास! याला मर्यादा म्हणायचं असेल तर आमच्या खात्यातली दुपारची सुट्टीसुद्धा तेवढी करायला हरकत नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांचे ऑनलाइन गेम मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत बंद ठेवले होते. दहा वर्षांनी त्यांनीच तो कायदा मोडीत काढला.

पैशाचं मात्र सरकारला कळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं केलं. पण पैसे गेले तर कायदा, आणि तास गेले तर? तो अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा?

मी कारकून माणूस, मला हिशेबच सुचतो. रोज २ तास गेम खेळला तर वर्षाचे ७३० तास झाले. ८ तासांचा एक कामाचा दिवस धरा, ९१ दिवस होतात. सरकारी नोकराला अर्जित रजा मिळते वर्षाला ३०. म्हणजे तीन वर्षांची रजा एका वर्षात संपली! अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी आपण अर्ज लिहितो, साहेबांची सही घेतो, रजिस्टरात नोंद करतो. आणि या ९१ दिवसांना ना अर्ज, ना सही, ना नोंद.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघांनी एक गंमत केली. रोज किती वेळ गेम खेळतो याचा अंदाज प्रत्येकाने कागदावर लिहिला आणि मग फोनच्या सेटिंगमध्ये दडलेला खरा आकडा उघडला. चौघांचाही आकडा अंदाजाच्या वर! 'दहा मिनिटं, तीही बसमध्ये' असं लिहिणाऱ्याचा निघाला १ तास ४० मिनिटं. चौघेही चाळिशीच्या पुढचे, एकही शाळकरी पोर नव्हता.

आणि हे काही आजचं नाही. १९९० पासून विंडोजबरोबर फुकट येणारा सॉलिटेअर कोण खेळत होतं? २००६ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी संगणकावर तो उघडा दिसला म्हणून एका कर्मचाऱ्याला नोकरीवरूनच काढलं होतं. मुलांचा रोग म्हणे!

अंदाज चुकतो, कारण तो चुकावा अशीच रचना असते. मोबाइलवरचा गेम सुरू झाला की बहुधा सगळा पडदा व्यापतो आणि वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ झाकलं जातं. कँडी क्रशमध्ये पाच जीव संपले की नवा एक जीव यायला ३० मिनिटं लागतात. म्हणजे तुम्ही किती वेळ थांबायचं आणि कधी परत यायचं, तेही कंपनीनेच ठरवलेलं. रोज हजेरी लावली तर बक्षीस देणारे गेम तर किती! तुमच्या मिनिटांचा हिशेब त्यांच्याकडे चोख असतो, नसतो तो फक्त तुमच्याकडे. मांडवीतल्या कॅसिनोंविरुद्ध आपण मोर्चे काढले, पत्रं लिहिली. घड्याळ झाकणारी ही दुसरी होडी मात्र खिशात घेऊन फिरतो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे खेळूच नये का? असं मी म्हटलेलं नाही. मी स्वतः खेळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगांच्या यादीत जागा दिली, पण त्यात तासांची रेघ आखलेली नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, ही त्यांची लक्षणं. विरंगुळ्याचा प्रत्येक तास कारणी लागलाच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्यांपैकीही मी नव्हे. जत्रेच्या नाटकाच्या तालमींना गावातल्या पोरांनी रात्रीच्या रात्री घातल्या, तेव्हाही घरची माणसं 'वाया गेला' म्हणतच होती. पण त्या तालमींना तारीख होती. नाटक झालं, पडदा पडला, माणूस घरी आला. शेवट असलेला गेम मन लावून पुरा करणारा मुलगा मला त्याच जातीचा वाटतो. ज्या खेळाला पडदाच नाही, त्यात मात्र 'पुरे' हा शब्द खेळणाऱ्यालाच उच्चारावा लागतो. आणि किती झालं तेच ठाऊक नसेल तर पुरे कशाच्या जोरावर म्हणणार?

म्हणून माझी मागणी बंदीची नाही, नोंदीची आहे. कंपन्यांना सक्ती करायचीच असेल तर एवढीच करा: खेळ चालू असताना घड्याळ आणि आज खेळलेला वेळ पडद्यावर दिसलाच पाहिजे. आणि घरात दर रविवारी प्रत्येकाने आपला आठवड्याचा आकडा सगळ्यांसमोर वाचावा. सुरुवात वडीलधाऱ्यांपासून. आधी बाबांचा आकडा, मग आईचा, मग आजोबांचा, सगळ्यात शेवटी पोराचा. रागवायचं नाही, उपदेश नाही, फक्त वाचायचा.

पालकसभेत बंदी मागणाऱ्यांनी पुढच्या वेळी उभं राहण्याआधी आपला आकडा सांगावा. मग त्यांचं भाषण मी शेवटपर्यंत ऐकेन.