भट्टी विझवा, चूल विझवू नका



या खेपेला मी चिखलावर लिहितोय. आयर्लंडच्या चिखलावर. तोंड वाकडं करू नका. त्या चिखलावर एका देशानं सत्तर वर्षं वीज केली. पोरांनी वीजघरापाशी तंबू ठोकले, ही भट्टी बंद करा म्हणून बोंब मारली. शेवटी ती बंद झालीही. मग बिल कुणाच्या नावावर फाटलं, ते आपण नीट बघून घ्यायला पाहिजे.

या चिखलाला पीट म्हणतात. पाणथळीत शेवाळ मरतं. पाण्याखाली हवा नाही, म्हणून ते धड कुजत नाही, थरावर थर साचत जातो. वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर. पुरुषभर खोल थर साचायला दीड-दोन हजार वर्षं लागतात. आणि यंत्र एका फेरीत सेंटीमीटरभर खरवडून नेतं. दहा वर्षांची शिल्लक एका फेरीत खलास! हा अर्धाकच्चा कोळसा. तेवढीच ऊब काढायला तो कोळशापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड ओकतो. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के जागा असल्या पाणथळींची, पण जगातल्या सगळ्या जंगलांत नसेल एवढा कार्बन त्यांच्या पोटात पडून आहे. चर खोदून पाणी काढलं की न जाळताही तो हवेत सुटायला लागतो.

म्हणजे पोरांचं म्हणणं खरंच होतं. त्यात मला काडीची शंका नाही.

पण ही भट्टी पेटवली कुणी? पीट हे तिथल्या गरिबाचं जळण. कोळशाला पैसा नाही, तो माणूस पाणथळीत उतरायचा, विटा कापायचा, उन्हात वाळवायचा, चुलीत घालायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचा कोळसा आटला, तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कात पीटच्या राशी लागल्या. ब्रिटिशांच्या टाचेखालून नुकत्याच सुटलेल्या देशाला वाटलं, आपलं इंधन आपल्याच पायाखाली आहे. 1946 मध्ये बोर्ड ना मोना हे सरकारी मंडळ निघालं. 1950 मध्ये पोर्टार्लिंग्टनला पीटवरचं पहिलं मोठं वीजघर चालू झालं. जिथली तरणी पोरं बोटीत बसून इंग्लंडला मजुरीला जायची, त्या मधल्या परगण्यांत पगार आला. मजुरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. बाप पाणथळीत, पोरगा पाणथळीत. त्या माणसांनी चिखल उपसला आणि राजधानीत दिवे लागले. तेव्हा त्यांना कुणी पृथ्वीचे वैरी म्हटलं नाही. देश घडवणारे म्हटलं.

पुढं पीटची वीज परवडेना. तरी सरकारनं ती ओढत नेली. प्रत्येकाच्या वीजबिलावर अधिभार बसवला आणि त्यातून 2019 अखेरपर्यंत पीटच्या वीजघरांना पैसा पुरवला. म्हणजे खोलीत एक बल्ब जाळणारी म्हातारीसुद्धा या धुराला वर्गणी देत होती.

2009 मध्ये शॅननब्रिजच्या वीजघराजवळ हवामानाच्या कार्यकर्त्यांनी छावणी टाकली. 2015 मध्ये एडनडेरीच्या वीजघराची परवानगी उच्च न्यायालयानं रद्द ठरवली, कारण पीट उपसून पाणथळीचं काय होतं याचा हिशोबच परवानगी देताना धरला नव्हता. 2019 मध्ये शॅननब्रिजला पुढची परवानगी नाकारली गेली. 2020 च्या डिसेंबरात शॅननब्रिज आणि लेन्सबरो ही दोन्ही वीजघरं थंड झाली. 2021 च्या जानेवारीत बोर्ड ना मोनानं पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. 2023 संपताना एडनडेरीनंही पीट जाळणं सोडलं.

लढा जिंकला. जिंकणाऱ्यांना माझा सलाम.

आता दुसरं पान उलटा. 2018 मध्येच मंडळानं सांगून टाकलं होतं की चारशेहून जास्त माणसं कमी करणार. आणि या बदलात न्याय व्हावा म्हणून सरकारनं खास आयुक्त नेमला तो 2019 च्या नोव्हेंबरात! म्हणजे घर पेटल्यावर विहिरीचा नकाशा काढायला बसले. वीजघर बंद पडलं की नुसता पगार जात नाही. खानावळ जाते, गॅरेज जातं, दुकानदाराची उधारी बुडते. छावणीतली पोरं तंबू गुंडाळून शहरात गेली. गावातला फिटर कुठं जाणार?

या गोष्टीत एक काम मात्र चोख झालं. 2020 मध्ये सरकारनं 108 दशलक्ष युरो काढले आणि सुमारे 33,000 हेक्टर पाणथळ पुन्हा ओली करायचं काम त्याच मंडळाच्या कामगारांना दिलं. ज्या हातांनी चर खोदले तेच हात आता चर बुजवतायत. पाण्याची वाट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? हे काम फक्त उशिरा सुचलं आणि सगळ्यांना पुरलं नाही, एवढंच.

आणि सरकारचा चाबूक कुणावर चालतो बघा. 2022 मध्ये घरगुती पीटच्या विक्रीवर बंदीची भाषा निघाली, गावं खवळली, तेव्हा कुठं सवलत मिळाली. 2025 मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं सांगितलं की 38 ठिकाणी मोठमोठ्या यंत्रांनी विनापरवाना उपसा चालूय आणि माल बागांसाठी परदेशात जातोय. चुलीतल्या दोन विटांवर बोट पटकन जातं. धंदेवाल्याचा ट्रक सुसाट.

आयर्लंडचं आपल्याला काय, असं विचारू नका. कोळशावर आणि राखेवर पोट असलेली माणसं आपल्याही वस्तीत आहेत. भट्टी विझवणारा मोर्चा इथंही निघेल, निघायलाच पाहिजे. मी त्यात असेन. पण मोर्च्याच्या पहिल्या रांगेत भट्टीवरचा कामगार पाहिजे आणि पहिल्या मागणीत त्याचा पुढचा पगार लिहिलेला पाहिजे. कंपनी बंद व्हायच्या आधी. तारखेनिशी. सहीनिशी.