आरसीवर नाव कुणाचं?

तुमच्या घराच्या पार्किंगमध्ये आत्ता किती दुचाकी आहेत? चालणाऱ्या नाही, नुसत्या उभ्या असलेल्या. मोजून या, मी थांबतो.

दादा बंगळुरूला गेला, त्याची पल्सर. ताईचं लग्न झालं, तिची अॅक्टिव्हा इथेच राहिली. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कागदाखाली काकांची कुठलीशी, जिची चावी आता नेमकी कुठे असते ते कुणालाच आठवत नाही. आणि तुमच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर मात्र मरून टाकीची येझदी.

मध्यंतरी आमच्या पानासाठी लिहिणाऱ्या एका मुलाने सांगितलं, की घरातल्या तीन जादा गाड्या विकून तो एक जुनी येझदी घेतोय. बाकीचे खो-खो हसले. ‘तीन चालत्या देऊन एक बंद पडणारी?’ मला हसू आलं नाही. हाच उद्योग मी केलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो: विका. उभी गाडी म्हणजे शिल्लक टाकलेले पैसे नव्हेत. बॅटरी बसते, टायरला चिरा पडतात, कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून चिकटा धरतो, आणि वर्षागणिक भाव उतरतो तो वेगळाच. अशा तीन सांभाळण्यापेक्षा मनातली एक नीट सांभाळावी. आणि येझदीवर जीव का जडतो, हे ज्याने ती चालवलीय त्याला विचारा. १९६१पासून म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात जावा बनायच्या, १९७३पासून येझदी हे नाव आलं आणि १९९६मध्ये कारखानाच बंद झाला. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. किक मारून झाली, की तोच दांडा पुढे आडवा करायचा, तोच गिअर! पहिल्यांदा बसणारा हमखास गोंधळतो आणि बघणारे हमखास खूश होतात. २०२२मध्ये येझदी नाव पुन्हा बाजारात आलं, त्या गाड्या चांगल्या असतीलही. पण टू-टी ऑइलचा तो निळसर धूर मागे सोडत जाणारी ती हीच.

तर विका. फक्त कशी विकता, त्यावर सगळं आहे.

मी विकलेल्या गाड्यांत बाबांची एम-एटी होती. बाबा निवृत्त झाले होते, दोन वर्षांत गाडी गेटबाहेर गेली नव्हती. माझ्या हिशेबात ती ‘जादा’. बाबा म्हणाले, ‘तुझं तू बघ.’ मी फॉर्म आणले, त्यांनी चष्मा शोधायचाही त्रास न घेता सह्या केल्या. घेणारा ओळखीतल्या ओळखीतला. ‘नाव मी करून घेतो, तुम्ही काळजी करू नका,’ म्हणाला. पैसे रोख मिळाले, माझं डोकं येझदीत होतं. मी खरंच काळजी केली नाही.

नऊ महिन्यांनी पोलिस ठाण्यातून फोन आला. मला नाही, बाबांना. एम-एटीने एका सायकलवाल्याला धडक दिली होती आणि चालवणारा गाडी टाकून पळाला होता. नंबरवरून मालक काढला तर कागदावर बाबाच. विमा केव्हाच संपलेला. आयुष्यात कधी सिग्नल न मोडलेला माणूस सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत त्या बाकावर बसून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, ‘आम्ही विकलीय हो ती.’ सायकलवाल्याचं नशिबाने खरचटण्यावर भागलं. घेणारा सापडला, प्रकरण मिटलं. घरी येताना बाबा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत.

हे भागलं म्हणून ठीक. एरवी कायदा काय म्हणतो ते वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलंय, की गाडी कितीही हात फिरली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईच्या बाबतीत मालक. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी विकत विकत गेली होती, पण नाव बदललं नव्हतं. पैसे घेऊन चावी दिली म्हणजे गाडी गेली, ही आपली समजूत. कायद्याची नाही.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० कोरे सह्या करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख तुमच्यासमोर भरा आणि सगळ्याचे फोटो काढून ठेवा. विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते, ती विकणाऱ्याने द्यायची असते. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरून बँकेचं नाव उतरलंय का ते पाहा. नसेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. आणि परिवहनच्या साइटवर नवं नाव दिसेपर्यंत त्या माणसाला अधूनमधून फोन करत राहा. तो कंटाळेल. कंटाळू दे.

आता उलट बाजू, कारण येझदी घेताना तुम्हीच तो ‘घेणारा’ असता. जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘कागद नाहीत, पण इंजिन मख्खन आहे.’ तिथून सरळ घरी या. इंजिन पुन्हा बांधता येतं, सुटे भाग नाना पेठेत चार चकरा मारून मिळतात, नाही तर क्लबातली माणसं कुठून तरी काढून देतात. आरसी कुणी बनवून देत नाही. देतो म्हणणाऱ्यापासून तर जास्तच लांब राहा. चॅसी आणि इंजिनवरचा नंबर कापडाने पुसून, टॉर्च मारून आरसीशी ताडा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते झालंय का बघा. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या कोण देणार, हे पैसे देण्याआधी ठरवा.

आणि ‘व्हिंटेज’ हा शब्द जरा जपून. २०२१च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज. तशी नोंद केली, की ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढंच. ऐंशीच्या दशकातली रोडकिंग अजून त्यात बसतच नाही. कॉलेजला न्यायची असेल तर हे बरंच आहे म्हणायचं.

राहता राहिली यादी. कुठल्या गाड्या जादा, ते ठरवताना मी किती किलोमीटर झाले ते बघितलं होतं. आरसीवरचं नाव वाचलं, पण ते फॉर्मात भरण्यापुरतं. एम-एटी गेल्यावर महिनाभराने आईने सांगितलं, की बाबा दर रविवारी खाली जाऊन तिचा प्लग काढून घासायचे. चालवायचे नाहीत, फक्त घासायचे. मी झोपलेला असायचो. विचारलं असतं तर कदाचित ‘वीक’ असंच म्हणाले असते. पण मी विचारलंच नव्हतं, सही मागितली होती.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी एकत्र जमतात. तोवर तुमची कागदपत्रं पुरी झाली असतील तर या. माझी मरून रंगाची आहे. चालवत बाबा असतील, मी मागे.