पाहुण्यांचा आठवडा आणि वहिनीची रजा

मे महिना लागला की घराघरांत एकच विषय असतो. कोण कुणाकडे जाणार आणि किती दिवस राहणार? मुलांना मामाचे घर हवे असते, माहेरवाशिणीला विसावा हवा असतो आणि आजीला सगळी नातवंडे एका छपराखाली हवी असतात. घरच्या सुनेला काय हवे आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

पुण्यातील कोथरूडच्या एका घराचेच उदाहरण घ्या. धाकटी नणंद नवरा आणि दोन मुलांसह नागपूरहून आठवडाभर राहायला येणार होती. घरात सासूबाई, नवरा-बायको आणि त्यांची दोन मुले. म्हणजे एकूण नऊ माणसे! वहिनी नोकरी करते. तिने हक्काच्या रजेतले पाच दिवस काढले. याच रजेत मिरजेला आईकडे जायचे तिच्या मनात होते, पण तो बेत दिवाळीवर ढकलला.

भाऊरायांनी आठवड्याचा कार्यक्रम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. रविवारी शनिवारवाडा, सोमवारी सिंहगड, मंगळवारी आगाखान पॅलेस, बुधवारी कात्रजचे प्राणिसंग्रहालय, गुरुवारी केळकर संग्रहालय, शुक्रवारी लक्ष्मी रोडवर खरेदी. एकही दिवस रिकामा नाही. कागद सगळ्यांनाच आवडला.

रविवार मजेत गेला. १८२८च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतले महाल जळून गेले, त्यामुळे ‘वाडा कुठे आहे?’ हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त होता. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे पाहून मात्र स्वारी खूश झाली. पुणेकर मुले उन्हाने कावली, तेव्हा नागपूरची भाचरे हसली. ‘‘मामी, ऊन बघायला आमच्याकडे या!’’

सोमवारी सासूबाईंच्या गुडघ्यांनी गडाला नकार दिला. त्यांच्याजवळ कुणीतरी हवे म्हणून वहिनी घरी राहिली. सिंहगडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही हमखास मिळते, तरी तिने पहाटे साडेचारला उठून सगळ्यांसाठी पराठे लाटले. मंगळवारी सासूबाईसुद्धा निघाल्या. वनाझपासून कल्याणीनगरपर्यंत मेट्रो, पुढे रिक्षा. गुडघ्यांना त्रास नाही आणि उन्हाचा चटकाही नाही. १९४४ साली कस्तुरबांनी जिथे अखेरचा श्वास घेतला, त्या वास्तूतील त्यांच्या समाधीपाशी सासूबाई बराच वेळ बसल्या. वहिनी? ती गॅसच्या सिलिंडरची वाट पाहत घरीच होती.

बुधवारी आंब्याची पेटी आली होती. रस काढायचा, पोळ्या करायच्या, म्हणून वहिनीने पुन्हा ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हटले. मंडळी कात्रजला पोहोचली, तर फाटक बंद! बुधवार हा तिथल्या सुटीचा वार. भर उन्हात चिडलेली मुले घेऊन नणंद अकरालाच परतली. स्वयंपाकघरात वहिनी घामाने निथळत होती. समोर पोळ्यांची चळत आणि ओट्यावर सकाळचा चहा, तसाच गार झालेला.

नणंदेने पोळपाट आपल्याकडे ओढला. ‘‘वहिनी, उद्याचे केळकर संग्रहालय तू पाहिले आहेस?’’

‘‘नाही गं. बस रोज तिथूनच जाते.’’

‘‘लग्नाला किती वर्षे झाली तुझ्या?’’

‘‘चौदा.’’

नणंद काही बोलली नाही. पण आपल्या माहेरपणासाठी कुणाची रजा खर्च होते आहे, हे तिला प्रथमच दिसले. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केले, ‘‘आज आम्ही दोघीच जाणार. मुले आणि स्वयंपाक पुरुषमंडळींकडे!’’

बाजीराव रोडवरच्या या संग्रहालयाला डॉ. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव दिले आहे. हा संग्रह त्यांनी घरोघरी आणि गावोगावी फिरून जमवला आणि पुढे राज्य सरकारला देऊन टाकला. तिथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, नक्षीदार विळ्या आणि नारळ खवायच्या खवण्याही आहेत. वहिनी सगळ्यात जास्त वेळ थांबली ती या विळ्यांपाशी. कुणा अनाम बायकांच्या हातांनी झिजलेली ती पाती जपून काचेआड ठेवलेली होती. ‘‘यांच्या कामाची तरी कुणी दखल घेतली,’’ ती हसत म्हणाली. नणंद हसली नाही.

घरी आल्या तेव्हा खिचडी खाली लागलेली होती. तीच सगळ्यांनी पापडाबरोबर चवीने खाल्ली.

आपल्याकडेही पाहुणे येणार असतील, तर काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. एक दिवस लांबची सहल झाली की दुसरा दिवस मोकळा ठेवा. मुले दमली नाहीत, तर मोठी माणसेही चिडत नाहीत. सकाळी सहाला निघून अकराच्या आत सावली गाठावी. बरोबर भरपूर पाणी, पन्हे किंवा ताक असावे. एखाद्याला जुलाब लागलेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. त्यासाठी चहाचा लहान चमचाच घ्यावा. उन्हाने ग्लानी आली किंवा अंग तापून बोलणे असंबद्ध झाले, तर अंग थंड पाण्याने पुसत लगेच डॉक्टरांकडे न्यावे. प्रेक्षणीय स्थळाचा सुटीचा वार आदल्या दिवशीच विचारून घ्यावा.

खर्चाविषयी संकोच नको. गाडी आणि तिकिटे एकाने, बाहेरचे जेवण दुसऱ्याने, असे पहिल्याच दिवशी ठरले तर मनात हिशेब साचत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे एकच व्यक्ती दोनदा मागे राहता कामा नये. सासूबाईंजवळ थांबायचे असेल, तर एकदा मुलगा थांबेल, एकदा जावई.

शुक्रवारची खरेदी कुणालाच आठवली नाही. नऊही जण गच्चीत बसून आंबे चोखत राहिले. वहिनी त्या दिवशी दुपारी दोन तास झोपली आणि तिला कुणी उठवले नाही.

शनिवारी स्टेशनवर गाडी सुटताना नणंद खिडकीतून म्हणाली, ‘‘पुढच्या मेमध्ये आधी तू मिरजेला जाऊन ये. मग मला फोन कर. त्यानंतरच मी येईन.’’

घरी आल्यावर वहिनीने फ्रिजवरचा कागद काढला. मागची कोरी बाजू वर करून तिने लिहिले, ‘पुढचा मे महिना’. त्याखाली पहिलाच शब्द होता, ‘मिरज’.