हळदीच्या पानांतील बिऱ्हाड

श्रावण लागला कीं कोंकणांतील बायकांची नजर परसांतील हळदीकडे वळते. पातोळ्यांस रुंद व अखंड पान हवें असतें. यंदां आमच्या मातोश्री पानें खुडावयास गेल्या, तों पांच-सहा पानांच्या कडा नळीसारख्या गुंडाळलेल्या! "कीड लागली, उपटून जाळा," असा हुकूम सुटला. आम्हीं एक नळी हलकेंच उलगडली. आंत रेशमी धाग्यांचे टांके, व मध्यें फिकट हिरवी, नितळ अंगाची, काळ्या डोक्याची अळी.

हें बिऱ्हाड ‘उदास्पेस फोलस’ नांवाच्या फुलपाखराचें. क्रॅमरनें १७७५ सालीं त्याचें वर्णन केलें. इंग्रजींत त्यास ‘ग्रास डेमन’ म्हणतात. पण नांवांतील गवतावर वाचकांनीं जाऊं नये, अळीचा संसार हळद, आलें, सोनटक्का यांवरच चालतो. जाड अंग, टोंकाशीं आंकड्यासारख्या वळलेल्या मिशा आणि झटक्याझटक्याचें उड्डाण ही या कुळाची ओळख. म्हणून पुष्कळांस तें पतंगच वाटतें. आमचा पाहुणा गडद तपकिरी, मागच्या पंखांवर मोठा पांढरा डाग असलेला.

नळी आंतून अगदीं स्वच्छ होती, याचें आम्हांस नवल वाटलें. या कुळांतील पुष्कळ अळ्यांच्या शेवटच्या भागाशीं फणीसारखा अवयव असतो. त्याच्या साह्यानें त्या विष्ठा दूर भिरकावतात. अशाच एका अमेरिकन अळीवरील अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. दीड-दोन इंचांची ती अळी पांच फुटांपर्यंत मारा करते! घरांत विष्ठा सांचली तर तिच्या वासावर गांधीलमाशा येतात, असें त्यांत दिसून आलें. आमच्या घरांतील मुलांस ही गोष्ट एवढी आवडली कीं जेवतांना तिचा उच्चार बंद करावा लागला.

अळ्या पाळून त्यांचीं फुलपाखरें होईपर्यंत टिपणें ठेवण्याचें काम आपल्याकडे जुनें आहे. कलेक्टर डेव्हिडसन, मीठ-जकात खात्यांतील एट्किन व वनखात्यांतील बेल या तिघांनीं उत्तर कानड्यांतील फुलपाखरांवर १८९६ पासून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहिले ते याच परिश्रमावर.

अळी पानें खाते, कंदास तोंड लावीत नाहीं, हें सांगितल्यावर मातोश्रींनीं विहिरीकडील चार रोपें सोडलीं. "पण चारच," असेंही बजावलें. कांहीं दिवसांनीं नळींत कोश दिसला. सोंडेचें आवरण शरीराच्याही पलीकडे लोंबणारें. मग एके सकाळीं नळी रिकामी, व सोनटक्क्याच्या फुलावर पांढऱ्या डागाचा तो तपकिरी जीव. अळ्या चार रोपांवर थांबल्या नाहींत हेंही कबूल केलें पाहिजे. पातोळ्यांचीं पानें शेजारून मागून आणावीं लागलीं.